स्वस्त ट्रान्सफॉर्मर महागात पडतो

बेस्टच्या खरेदीची चर्चा होते ती बसगाड्यांपुरती. वीज विभागाच्या ट्रान्सफॉर्मरकडे कोण बघतो? ट्रान्सफॉर्मर चोवीस तास जोडलेला असतो, त्यामुळे त्याच्या गाभ्यातला नो-लोड लॉस भार नसतानाही चालूच राहतो. तो १०० वॅटने जास्त असला तर वर्षाला ८७६ युनिट वाया. २५ वर्षं आणि युनिटला ५ रुपये धरा, एका नगामागे १,०९,५०० रुपये होतात. म्हणून एल-वन, म्हणजे सर्वात स्वस्त बोलीदार, ठरवताना बोलीच्या किमतीत नो-लोड आणि लोड लॉसचं (भार असताना वाया जाणाऱ्या विजेचं) भांडवली मूल्य, म्हणजे आयुष्यभराच्या नुकसानीची आजची किंमत, मिळवायला हवं. त्याचे दर निविदेतच छापावेत. बोली उघडल्यावर ठरवले की गडबडीला वाव. माल आल्यावर एक नग बेस्ट उपक्रमाने स्वतः निवडून, सील करून एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा. पुरवठादाराच्या कारखान्यातल्या चाचणीवर विसंबणं भाबडेपणाचं.

मार्च २०२२मध्ये मुंबई महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि खरेदीचे प्रस्ताव मंजूर करणारी बेस्ट समितीही उरली नाही. पण समिती असूनही प्रस्ताव आयत्या वेळी टेबलावर आला, तर 'अंदाजापेक्षा किती टक्के कमी?' याच्या पुढे प्रश्न जात नाही. सदस्यांनी लॉससह तुलनात्मक तक्ता मागावा, तोही बैठकीच्या चार दिवस आधी.

– एक वीजग्राहक, दादर