‘३१५ बोअर’ म्हणजे मिलिमीटर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या शिकारी रायफलींवर आलेला लेख आवडीने वाचला. मात्र त्यात ‘०.३१५ मिलिमीटरचे काडतूस’ असा उल्लेख दोन ठिकाणी आहे, तो दुरुस्त व्हावा म्हणून हे पत्र. बोअर म्हणजे बंदुकीच्या नळीचा आतला व्यास, आणि हे माप इंचाचे आहे, म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर. ०.३१५ मिलिमीटरच्या नळीतून शिवणाची सुईही जाणार नाही, आणि आमच्या नौपाड्याच्या घरी तर याच काडतुसाच्या रिकाम्या पितळी कवचात आजीच्या आठ-दहा सुया, वर कापसाचा बोळा लावून, अजून ठेवलेल्या आहेत. बुडाला कड असल्याने ते कवच शिवणयंत्रावर नीट उभे राहते, आणि त्या बुडावर उमटवलेली खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘के. एफ.’ ही अक्षरे बोटाला लागतात. मुरबाडकडील भातशेतीत डुकरे शिरत, म्हणून आजोबांनी परवाना काढून घेतलेली ती रायफल त्यांच्या पश्चात पोलीस ठाण्यात जमा झाली. कवच तेवढे राहिले.

हे काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या सैन्याचे. लष्करी .३०३ ची काडतुसे खासगी बंदुकांत वापरली जाऊ नयेत, या इंग्रज सरकारच्या धोरणामुळे ते हिंदुस्थानात रुजले, आणि स्वातंत्र्यानंतर बंगालमधील ईशापूरच्या कारखान्याने ली-एनफिल्ड या लष्करी रायफलीच्या धर्तीवर .३१५ ची रायफल बनवून ते शेतकऱ्यांच्या घरापर्यंत पोहोचवले. नावातला आकडा गोळीचाच व्यास असतो, असेही दरवेळी नसते; .३०३ ची गोळी प्रत्यक्षात .३११ इंचाची असते, त्यामुळे लेखकाचा गोंधळ मी समजू शकतो.

समजू शकत नाही ते एवढेच, की लेखाच्या चार स्तंभांपैकी तीन स्तंभ हत्तीच्या शिकारीच्या दुनळी रायफलींवर खर्च झाले. त्या दुनळ्या राजेरजवाड्यांना आणि बड्या साहेबांनाच परवडत. खरे कसब मध्यम बोअरच्या काडतुसांत दिसते. बर्लिनचे बंदूककार ओटो बोक यांनी १९०५ मध्ये तयार केलेले ९.३ बाय ६२ (गोळीचा व्यास आणि कवचाची लांबी, इथे मात्र मिलिमीटरच) हे काडतूस साध्या माऊझर रायफलीत बसेल अशाच लांबीचे ठेवले होते, त्यामुळे आफ्रिकेतल्या जर्मन शेतकऱ्याला एकाच स्वस्त रायफलीवर हरणापासून रानरेड्यापर्यंत सगळे भागवता आले. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये आणलेल्या .३७५ मॅग्नमचे कवच तर पाहण्यासारखे आहे: लांब, हळूहळू निमुळते होत गेलेले, खांदा, म्हणजे कवच तोंडाशी एकदम अरुंद होते तो भाग, जवळजवळ नाहीच. हा उतार उगाच नाही. उष्ण प्रदेशात दारूचा दाब वाढतो आणि कवच नळीत अडकण्याची भीती असते. उतरते कवच सहज आत सरकते आणि सहज बाहेर येते. मात्र नळीत कवच नेमके टेकायला खांदा उरला नाही, म्हणून बुडाशी पट्टा घातला. ३०० ग्रेनची, म्हणजे १९ ग्रॅमहून थोडी जड गोळी ते मोठ्या दुनळीपेक्षा कितीतरी कमी धक्क्यात फेकते.

यात शिकारीची भलामण नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो प्रश्न मिटवला, हे योग्यच झाले. पण कारागिरीवर लिहायचे तर मापे बिनचूक हवीत. दुरुस्ती छापताना ‘इंच’ हा शब्द कृपया गाळू नये.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे