कूलर बंद ठेवू नकोस

हिंगणघाट,
१२ मे

चि. सौ. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

ओवीचा ताप उतरल्याचे काल तुझ्या आईकडून कळले आणि जिवात जीव आला. ताप संसर्गाचा नसून उन्हाचा आहे, असे डॉक्टरांनी सांगितल्यापासून माझ्या मनात एकच गोष्ट घोळते आहे. ती फोनवर बोलायला गेलो तर तुझाही आवाज चढतो आणि माझाही, म्हणून लिहून पाठवत आहे. मागच्या महिन्याचे बिल तू मला मोठ्या हौसेने पाठवले होतेस. गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये १९२ युनिट होते, ते या वर्षी १४१ वर आणलेस. विजेच्या खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला मुलीने असे बिल पाठवावे याचा आनंद मी शेजारीपाजारीही बोलून दाखवला. पण हे ५१ युनिट कुठून आले ते आता समजले. दुपारी चार तास आणि रात्री अकरानंतर तुम्ही कूलर बंद ठेवत होता. मृणाल, डोक्यावर थेट स्लॅब असलेल्या चौथ्या मजल्यावरच्या घरात, नऊ महिन्यांचे मूल असताना, नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद ठेवू नकोस.

तुला रागावण्यासाठी हे लिहीत नाही. बचतीची तुझी ओढ मला प्रिय आहे. तुमच्या गच्चीवरून कोराडीच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात; तिथे एका युनिटासाठी पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो आणि वाटेत तारांमध्ये जी वीज मुरते ती वेगळीच. त्यामुळे एकेक युनिट वाचवण्यासारखे आहे, याबद्दल आपल्या दोघांत मतभेद नाही. मतभेद आहे तो कुठले युनिट वाचवायचे याबद्दल. वीज जिथे खर्च होते पण त्या बदल्यात घरातल्या कोणाला काहीच मिळत नाही, तिथे आधी हात घालायचा. लेकराच्या अंगावरचा गारवा हा सर्वांत शेवटी मोजायचा खर्च आहे, किंबहुना तो मोजूच नये.

शिवाय कूलर हे उधळे यंत्र नाही. तुमचा कूलर पंपासह १८० वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे तासाला एक पंचमांश युनिटही नाही. गारवा निर्माण होतो तो पाण्याच्या बाष्पीभवनामुळे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतून सुमारे दोन तृतीयांश युनिट इतकी उष्णता ओढून घेते. कोरड्या दुपारी तासाला पाच लिटर पाणी उडाले, तर तीन युनिटांहून अधिक उष्णता पाण्याने वाहून नेलेली असते. आपल्या विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यासाठी याहून काटकसरीचे यंत्र माझ्या पाहण्यात नाही. फक्त त्याच्या समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवायला हवी, कारण आत आलेली दमट हवा बाहेर गेली नाही तर थोड्याच वेळात गारवा जाऊन नुसती चिकचिक उरते. तुमच्याकडे मागच्या वेळी आलो तेव्हा ‘थंडावा निघून जाईल’ म्हणून तू ती खिडकी लावून घेतली होतीस. ताट्यांचे गवतही दर हंगामाला बदलावे. क्षार बसून ते कडक झाले की पाणी कडेने वाहते आणि हवा कोरडीच आत येते.

दुपारी कूलर बंद करून तू पंखा पाचवर ठेवतेस, असे तुझी आई म्हणाली. पंखा खोली थंड करत नाही, तो फक्त अंगावरचा घाम वाळवतो. हवाच ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंगाला उलट उष्णता देतो. म्हणूनच तेवढ्या तापमानात नुसत्या पंख्यावर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. लहान मुलाला आपल्यासारखा घाम येत नाही आणि त्याचे अंग आपल्यापेक्षा लवकर तापते. एक साधा तापमापक आणून पाळण्याजवळच्या भिंतीवर लाव आणि निर्णय बिलाकडे पाहून नव्हे, त्याच्याकडे पाहून घे.

आता ते ५१ युनिट दुसरीकडे शोधू. सर्वांत मोठी गळती तुमच्या दोन पंख्यांत आहे. ते घराबरोबर आलेले जुने पंखे प्रत्येकी ७५ वॉटच्या आसपास घेतात. तेवढाच वारा देणारा बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटारीचा पंखा, ३० वॉटच्या आसपास भागवतो. पंखा रोज पंधरा तास चालतो असे धरले, तर एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात आणि दोघांचे मिळून ४०. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही तारांकन सक्तीचे झाले आहे, तेव्हा विकत घेताना पाच तारे पाहूनच घ्यावेत. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आत चालूच राहतो. तो दहा वॉट घेत असेल, तर महिन्याला सात युनिट कोणी काही न पाहताच जातात. भिंतीवरचे बटण बंद करण्याची सवय लावली की झाले. फ्रिज भिंतीला टेकला आहे, तो वीतभर पुढे ओढ. त्याच्या दारात कागद अडकवून दार लाव आणि कागद ओढून पाहा. तो अलगद निघून आला तर दाराचे रबर गेले आहे, ते बदलून घे. विहीणबाईंना उन्हाळ्यातही कढत पाण्याने आंघोळ लागते, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण गच्चीवरच्या टाकीतले पाणी मे महिन्यात मुळातच कोमट असते, त्यामुळे गिझर थोडा वेळ लावून आठवणीने बंद केला तरी त्यांच्या आंघोळीत काही कमी पडणार नाही.

एवढे केलेस तर एप्रिलचे ५१ युनिट भरून निघतात आणि कूलर चोवीस तास चालवण्याची मोकळीक मिळते. तुमचे बिल १०१ ते ३०० युनिटांच्या पट्ट्यात पडते, आणि १०० च्या पुढच्या युनिटांचा दर पहिल्या १०० च्या जवळपास दुप्पट आहे. वाचणारे प्रत्येक युनिट या महागड्या भागातूनच कमी होते, त्यामुळे पंख्यांची किंमत फार वर्षे न जाता वसूल होईल.

वाचताना तुला वाटत असेल की बाबांनी पुन्हा वर्ग भरवला. क्षमा कर. नोकरीत असताना लोकांना बिल समजावून सांगण्याची जी सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटत नाही. आणि ज्या मुलीने दहावीत असताना माझ्याहून नेटका हिशेब ठेवला, तिला हे सांगण्याची गरज नाही हेही मला ठाऊक आहे.

ती तुझी वही आई अजून जपून ठेवते. भारनियमनाची ती वर्षे होती. अक्षय प्रकाश योजनेत आपल्या गावाने स्वतःहून ठरवले होते की संध्याकाळी कोणी मोटार लावायची नाही, शेगडी लावायची नाही, आणि त्या बदल्यात दिव्यापुरती आणि पंख्यापुरती वीज टिकायची. उपकेंद्रात मी भार पाहत बसलेला असायचो, आणि अँपिअरचा काटा चढू लागला की मला कळायचे, कोणीतरी मोटार सुरू केली. तेव्हा तू आणि विहिरीवाल्या काकांचा मुलगा सायकलवरून वस्तीपर्यंत जाऊन सांगून यायचात. एवढ्याशा मुलीचे ऐकून मोठी माणसे मोटार बंद करायची. रोज संध्याकाळी मीटरचा आकडा वहीत, बाजूला कालच्यापेक्षा किती कमी-जास्त, आणि जास्त झाले असेल तर त्याचे कारण. ‘आत्या आली, इस्त्री’ अशी एक नोंद मला अजून आठवते. ज्या संध्याकाळी दिवे गेले नाहीत, त्या प्रत्येक संध्याकाळी त्यात आपल्या मुलीचा वाटा आहे, असे मला वाटायचे. हे मी तुला तेव्हा बोलून दाखवले नव्हते.

त्याच वहीत मे महिन्यातली चार पाने कोरी आहेत. तुझी आजी दुपारी कूलरचे बटण कोणाला लावू देत नसे. ‘मला नाही लागत, पोरीच्या अभ्यासाला राहू द्या वीज’ असे म्हणायची आणि ओला पदर डोक्यावर घेऊन मागच्या खोलीत पडून राहायची. पुढचे तुला माहीत आहे. म्हणून एप्रिलचे ते बिल आता पुन्हा उघडून पाहताना मला आकडा दिसत नाही, मागची खोली दिसते. एवढेच लिहून तो विषय सोडतो.

आता स्लॅबविषयी, कारण मूळ दुखणे तिथे आहे. काँक्रीट दिवसभर ऊन पिते आणि ती उष्णता उशिरा, संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत, खाली सोडत राहते. बाहेर हवा निवली तरी तुमचे छत हाताला गरम लागते ते यामुळेच, आणि नेमकी त्याच वेळी तू रात्र झाली म्हणून कूलर बंद करतेस. छताला पांढरा चुना दिला तर ऊन शोषले जाण्याआधीच बरेचसे परत फेकले जाते आणि खोली काही अंशांनी निवते. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्माघात टाळण्याचा जो आराखडा केला, त्यात पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे काम घेतले गेले, ते उगाच नाही. हा उपाय एकदा केला की मीटर न फिरता गारवा देतो, आणि मला वाटते तुमच्या घरासाठी तो पंख्यांच्याही आधी करावा. तुमच्या सोसायटीच्या सचिवांशी जावईबापूंनी बोलून ठेवावे. चुना, पांढरे सिमेंट आणि कुंचले घेऊन मी रविवारी पहिल्या गाडीने येतो. ऊन चढण्याच्या आत पहिला हात होईल आणि दुसरा संध्याकाळी. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावला आहेस, पण ऊन एकदा काचेतून आत आले की त्याची उष्णता घरातच राहते. हिरवी जाळी खिडकीच्या बाहेरून बांधायला हवी, तीही मीच घेऊन येतो.

जावईबापू हप्त्यावर एसी घ्यायचे म्हणत होते. त्याला माझी हरकत नाही, कारण पावसाळ्याच्या तोंडावर हवा दमट झाली की कूलर निकामी होतो आणि ओवीला घामोळे त्याच दिवसांत जास्त येईल. मात्र दुकानातल्या ताऱ्यांबरोबर लेबलवर छापलेले वर्षाचे युनिट आणि लेबलचे वर्षही पाहावे, कारण ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात आणि जुन्या लेबलचे पाच तारे नव्याच्या पाच ताऱ्यांइतके नसतात. तापमान २६ वर ठेवून पंखा हळू चालवला तर पुष्कळ झाले. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. त्याची वायर मीटरच्या पेटीतून स्वतंत्र घ्यावी, एक्स्टेंशन बोर्डावर एसी कदापि लावू नये.

पुन्हा उपदेशच झाला. जे पटेल ते कर, न पटेल ते रविवारी समोरासमोर सांग. मी ऐकून घेईन. पण आजपासून रविवारपर्यंत कूलर रात्रभर चालू राहू दे. या महिन्याच्या वाढीव बिलाचे पैसे मी देणार आहे, आणि त्यावर वाद नको. पंख्यांचे पैसे ओवीच्या वाढदिवसाचे समज.

तुझी आई कैरीचे पन्हे आणि सातूचे पीठ पाठवते आहे. विहीणबाईंना आणि जावईबापूंना नमस्कार. ओवीला पापा.

तुझे,
बाबा

ता. क. कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करायचे आणि प्लगही काढायचा, मगच पाण्याला हात लावायचा. हे काम घाईत करू नकोस आणि ओवी कडेवर असताना तर मुळीच नको. त्या प्लगच्या अर्थिंगची तपासणी मी आल्यावर करतो, माझा टेस्टर पिशवीत टाकून ठेवला आहे.