जॉन मॅकफार्लेन यांस, पँडॉकबद्दल आभार

प्रिय जॉन मॅकफार्लेन आणि पँडॉकला हातभार लावणारे सर्वजण,

स. न. वि. वि.

बर्कलेला तत्त्वज्ञान शिकवता शिकवता तुम्ही 2006 साली हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला, एका स्वरूपातला मजकूर दुसऱ्या स्वरूपात नेणारा पँडॉक बाहेर आला, तेव्हा जुन्या मराठी साइट तुमच्या डोळ्यांसमोर असण्याचं काही कारण नव्हतं. तरी वर्डप्रेसमधले लेख ह्यूगोत (साध्या मजकूर-फायलींतून साइट घडवणाऱ्या साधनात) नेताना मधला अवघड टप्पा पँडॉकच पार पाडतो. त्याबद्दल मनापासून आभार. हेच काम हाती घेणाऱ्यांच्याही उपयोगी पडावं म्हणून जरा तपशिलात लिहितो.

पँडॉक नुसतं शोधा-आणि-बदला करत नाही. मथळे, परिच्छेद, याद्या अशी रचना तो आधी समजून घेतो आणि मग मार्कडाउन (साध्या खुणांनी रचना दाखवणारा मजकूर) लिहितो. त्यामुळे वर्डमधून चिकटवलेल्या लेखातला स्पॅन-डिव्ह या एचटीएमएल टॅगांचा कचरा वाचतानाच गाळता येतो. 'नेटिव्ह डिव्ह्ज' आणि 'नेटिव्ह स्पॅन्स' ही दोन एक्स्टेन्शन बंद केली की झालं. ओळी तोडण्याचा 'रॅप' हा पर्याय मात्र 'नन' ठेवावा. नाहीतर 72 रकान्यांवर ओळी तुटतात आणि पुढे फायलींत एखादं वाक्य शोधायला गेलं तर सांध्यावर तुटलेलं असल्यामुळे ते सापडत नाही.

बहुतेकांचं बिनसतं ते पँडॉकच्या आधी, आणि बोल तुम्हाला लागतो. क्लासिक एडिटरमध्ये लिहिलेल्या लेखांना वर्डप्रेसच्या डेटाबेसात परिच्छेदाचे टॅग सहसा नसतातच. असतात त्या रिकाम्या ओळी. टॅग लावले जातात पान दाखवताना. एक्सपोर्टमधला मजकूर थेट पँडॉकला दिला, तर एचटीएमएलच्या नियमाने रिकामी ओळ म्हणजे एक स्पेस, आणि अख्खा लेख एका ढिगात येऊन पडतो. कविता असेल तर विचारूच नका. जुनी साइट चालू आहे तोवर वर्डप्रेसच्या रेस्ट एपीआयमधून (दुसऱ्या प्रोग्रामना मजकूर देणाऱ्या सोयीतून) 'रेंडर्ड', म्हणजे पानावर दिसतो तसा, मजकूर घ्यावा. त्यात टॅग लागलेले असतात आणि शॉर्टकोडही (मजकुरात लिहिलेल्या छोट्या आज्ञा) उलगडलेले असतात.

यूट्यूबच्या आयफ्रेमची (पानात व्हिडिओ बसवणाऱ्या टॅगची) गोष्ट वेगळी. पँडॉक आयफ्रेमचा पत्ता उघडून आतला मजकूर ओढू पाहतो. 'रॉ एचटीएमएल' चालू करून टॅग राखता येतो, पण मग गाळलेले डिव्हही परत येतात, आणि ह्यूगो मुळात कच्चं एचटीएमएल दाखवत नाही. म्हणून आयफ्रेमच्या जागी आधीच एखादी साधी खूण ठेवावी आणि ल्युआ फिल्टरने (पँडॉकच्या आत चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टने) तिथे ह्यूगोचा यूट्यूब शॉर्टकोड 'रॉ ब्लॉक', म्हणजे जसाच्या तसा ठेवायचा तुकडा, म्हणून घालावा. नुसता मजकूर म्हणून घातला तर त्यातल्या कोनी कंसापुढे उलटी तिरकी रेघ येते. हे फिल्टर 2017 साली आवृत्ती 2.0मध्ये आले, ते आणणाऱ्यांचे वेगळे आभार.

मराठीपुरता पँडॉकचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो अक्षरांना हात लावत नाही. जुन्या लेखांत 'दर्‍या' हा शब्द र, हलन्त, अदृश्य जोडक, मग य असा टंकलेला असतो. 'अदृश्य अक्षरं काढा' म्हणणारी हौशी स्क्रिप्ट तो जोडक खाते आणि डोंगरातल्या दर्‍यांचा दर्या होतो. स्पेलचेकरही गप्प, कारण दोन्ही शब्द खरे. पँडॉकमधून जोडक शाबूत बाहेर येतो.

शीर्षकांचं तेवढं आमचं आम्हालाच बघावं लागतं. विसर्गाऐवजी कोलन टंकायची मराठी सवय जुनी. 'स्वत: शिका' हे शीर्षक फाइलीच्या माथ्यावरच्या फ्रंट मॅटरमध्ये अवतरणाविना गेलं, की कोलनपुढची स्पेस बघून यामल (फ्रंट मॅटर लिहायची पद्धत) नवी नोंद सुरू झाली असं समजतं आणि ह्यूगोचं बिल्ड अडतं. सरसकट सगळी शीर्षकं अवतरणात घालावीत. पत्त्यांचंही तसंच: वर्डप्रेस स्लगला (पत्त्यातल्या लेखाच्या नावाला) 200 रोमन चिन्हांची जागा देतं आणि एका देवनागरी चिन्हाला, मात्रा-अनुस्वारालासुद्धा, 9 लागतात. म्हणजे फार तर 22 मावतात, आणि लांब शीर्षकांचे पत्ते मध्येच तुटलेले असतात. शीर्षकावरून पत्ते नव्याने घडवले तर जुने दुवे मेले! तुटका स्लगच जसाच्या तसा उचलावा.

तुमचं मॅन्युअल लांबलचक आहे, पण त्यात लिहिलंय तशीच कमांड वागते. त्याचेही आभार.

कळावे, लोभ असावा.

जुन्या मराठी साइट सांभाळणारे काहीजण