पुन्हा तेरावाच फर्मा

दांडिया बाजार, बडोदा
दि. २ जुलै

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : कादंबरीत पृष्ठे २०९ ते २२४ नसल्याबाबत

महोदय,

तुमच्या वेबसाइटवरून मागवलेली कादंबरी ५ जूनला घरी आली. सासूबाईंना काचबिंदूमुळे वाचता येत नाही, म्हणून रात्री जेवणं उरकली की झोपाळ्यावर बसून मी त्यांना दहा-दहा पानं वाचून दाखवते. कवळाण्याच्या शेतकरी घरातला गोपाळ १८७५ साली आमच्या याच गावात सयाजीराव होऊन गादीवर बसला, त्यामुळे वेष पालटून मशालजी झालेल्या राजपुत्राची गोष्ट त्यांना परकी वाटत नाही. मशालजीची सावलीच पडत नाही हे वैद्याच्या मुलीच्या पहिल्यांदा लक्षात येतं, तो प्रसंग त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

एकविसाव्या रात्री आम्ही २०८व्या पानावर आलो. तो मंतरलेली अंगठी बोटातून काढायला लागतो, ती दिवा वर धरते, आणि पान उलटलं तर पुन्हा पृष्ठ १९३! तोच बाजार, तीच गर्दी. सोळा पानांचा तेरावा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेला पानांचा जुडगा, दोनदा शिवला गेलाय आणि चौदावा आलाच नाही. पुढे थेट २२५. तिथे ती त्याला वेगळ्याच नावाने हाक मारून रडते आहे.

सासूबाईंनी एवढंच विचारलं, "त्याने आपणहून सांगितलं, की पकडला गेला?" मला उत्तर देता आलं नाही. तिने त्याच्यावर पुन्हा विश्वास ठेवावा की नाही, हे सगळं त्यावरच तर आहे. ते कळल्याशिवाय पुढचं ऐकायला त्या तयार नाहीत. आठवडा झाला, पुस्तक मिटून पडलंय.

२६ जूनला पानांचे फोटो पाठवले. "परत करण्याची सात दिवसांची मुदत संपली आहे," एवढंच उत्तर आलं. पुस्तक हातात पडल्या दिवशी पानं कोण मोजतं? सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याने नकार देऊ नये, असं ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, हेही त्यातच आहे. दाद मिळाली नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवणार आहे.

मला पैसे परत नकोत, पूर्ण प्रत हवी आहे. पाठवण्याआधी चौदावा फर्मा कुणीतरी उघडून बघा, आणि त्या गठ्ठ्यातल्या बाकीच्या प्रतीही तपासा. टपालाला वेळ लागणार असेल, तर तोवर ती सोळा पानं स्कॅन करून ई-मेलने पाठवा. ज्या दिवशी येतील त्याच रात्री वाचायची आहेत.

आपली,
एक वाचक