बेल ऐकू न येणाऱ्या दाराशी थांबलेल्या दादांना

दादा,

तुमचं नाव मला माहीत नाही. बाबांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्या वेळी त्यांना ते ऐकू आलं नसतं.

तुम्ही आणलेल्या त्या छोट्याशा खोक्यात बाबांचं कानाचं मशीन होतं. दुरुस्तीला गेलेलं, परत येत होतं. म्हणजे १७ दिवस नुसतं येतच होतं. आधी कुठल्याशा हबमध्ये अडकलं. ट्रॅकिंग म्हणजे तरी काय, शेवटचं स्कॅन जिथे झालं तेच गाव ते सांगत बसतं. त्यानंतर पार्सल कोणी कोपऱ्यात सारलं तर कॉम्प्युटरला त्याचा थांगपत्ता नाही. मग एकदाचं ‘आउट फॉर डिलिव्हरी’ झळकलं. ऑफिसात माझं कामात लक्ष नाही. संध्याकाळी मेसेज आला: ‘ग्राहक घरी उपलब्ध नाही.’

ग्राहक घरातच होता हो! दारापासून चार पावलांवर, पेपर वाचत. बेल वाजली असेल, फोनही वाजला असेल. पण ज्या माणसाला बेल ऐकू यावी म्हणून मशीन येत होतं, त्याने ते मिळवण्यासाठी आधी बेल ऐकायची, असा हा कारभार. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. मी कस्टमर केअरला सांगून सांगून दमले, की नंबर बदलून माझा टाका, आणि सूचनेत लिहा, ‘वडिलांना ऐकू येत नाही, खिडकीतून हात दाखवा.’ दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून तीच कहाणी, आणि दर वेळी ‘तुमच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ तिसरी खेप वाया गेली तर पार्सल पाठवणाऱ्याकडे परत जाईल, हेही तितक्याच गोड आवाजात ऐकवलं.

तिसऱ्या खेपेला तुम्ही आलात.

बाबा सांगतात, खिडकीच्या जाळीपलीकडे एक हात हलताना दिसला. म्हणजे ती सूचना शेवटी कोणीतरी वाचली होती! दार उघडलं तर डोक्यावर हेल्मेट, तोंडाला रुमाल, पाठीवर ती अवाढव्य पिशवी. तुम्ही काहीतरी बोललात. बाबांनी कानाकडे बोट दाखवून मान हलवली.

इथे माणसं ओरडतात. ओरडलं की तोंड वेडंवाकडं होतं, ओठांवरून शब्द कळेनासे होतात, आणि ऐकू न येणाऱ्याला एवढंच कळतं की समोरचा चिडलाय. आम्ही घरचेसुद्धा ओरडतो, खोटं कशाला बोलू. तुम्ही हेल्मेट काढलंत. रुमाल हनुवटीखाली घेतलात. दिव्याच्या उजेडात चेहरा नीट दिसेल असे उभे राहिलात आणि सावकाश म्हणालात, ‘‘काका, मोबाइलवर नंबर आलाय. तो दाखवा.’’

बाबांना आधी चष्मा सापडेना, मग मोबाइल. तुम्ही हेल्मेट काखेत धरून उभेच. अंधारून आलं होतं, पिशवी अजून भरलेली होती, म्हणजे घाई तुम्हाला आधीच्यांपेक्षा जास्तच असणार. त्या हेल्मेट काढण्याला किती वेळ लागला असेल? पण गेले १७ दिवस बाबांशी कोणी असं, तोंड दिसेल असं, बोललंच नव्हतं. तुमच्याही घरी कोणाला कमी ऐकू येतं का, की हे तुमचं तुम्हालाच सुचलं? मला फार उत्सुकता आहे. खरं सांगायचं तर त्या दिवशी दुपारी मी तक्रारीचा लांबलचक मजकूर लिहून ठेवला होता, त्यात ‘तुम्ही सगळे सारखेच’ असं एक वाक्य होतं. ते खोडलं. बाकीची तक्रार मात्र पाठवली, ती पाठवायलाच हवी होती.

मी घरी पोहोचले तेव्हा बाबा टेबलाशी बसले होते. बटणाएवढी ती बॅटरी, तिचं स्टिकर काढून मिनिटभर हवेला ठेवायची असते; तिच्याकडे टक लावून. मशीन कानात बसवलं आणि त्यांचं पहिलं वाक्य, ‘‘हा पंखा केव्हापासून कुरकुरतोय?’’

आता शेजारची बेल वाजली तरी ‘आलो, आलो’ म्हणत तेच उठतात. पुन्हा कधी आमच्याकडचं काही असलं तुमच्या पिशवीत, तर खिडकीकडे जाऊ नका. बेल वाजवा. एकदाच पुरे.

तुमची,
त्या काकांची मुलगी