‘सिद्ध झाले’ म्हणजे नेमके काय झाले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या पंधरवड्यात एका औषधाविषयीच्या संशोधनाची बातमी ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले’ अशा मथळ्याने आली आणि तिच्यावर वाचकांची जी पत्रे छापली गेली, त्यांतली दोन मी पुन्हा पुन्हा वाचली. एका पत्रलेखकाचे म्हणणे असे, की निबंध तज्ज्ञांनी तपासून नामांकित जर्नलमध्ये छापला आहे, तेव्हा आता शंका काढणे हा निव्वळ आडमुठेपणा होय. दुसऱ्यांचे म्हणणे नेमके उलट: आज एक सांगायचे, उद्या दुसरे, आणि एकमेकांचे निबंध एकमेकांनीच पास करायचे, असा हा सगळा ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’ मामला आहे. दोघांचा सूर वेगळा असला, तरी मूळ समजूत एकच दिसते, ती म्हणजे पीअर रिव्ह्यू (छापण्याआधी त्याच विषयातल्या तज्ज्ञांनी केलेले निबंधाचे परीक्षण) हा अंतिम निकाल असतो. एकाला तो निकाल मान्य आहे आणि दुसऱ्याला न्यायाधीशच फितूर वाटतात. पंचवीसेक वर्षे शोधनिबंध लिहिण्यात, तपासण्यात आणि स्वतःचे साभार परत आलेले वाचण्यात गेल्यामुळे मला एवढे नक्की सांगता येईल, की हा टप्पा फार तर खटला दाखल करून घेण्याचा आहे. सुनावणी त्यानंतर सुरू होते.

प्रत्यक्षात घडते ते असे. संशोधक आपला निबंध जर्नलकडे पाठवतो. संपादक तो चाळतो आणि त्याला विषय गैरलागू किंवा काम कच्चे वाटले, तर तेथूनच परत करतो. उरलेले निबंध त्याच विषयात काम करणाऱ्या दोन किंवा तीन परीक्षकांकडे जातात. परीक्षकांची नावे लेखकाला बहुधा कळवली जात नाहीत, या कामाचे मानधन सहसा मिळत नाही, आणि ते स्वतःची नोकरी सांभाळून, पुष्कळदा रविवारी करावे लागते. परीक्षक पाहतो ते एवढेच: विचारलेला प्रश्न योजलेल्या पद्धतीने सुटण्यासारखा आहे का, तुलनेसाठी नियंत्रित गट ठेवला होता का, नमुना पुरेसा आहे का, आकडेमोड बरोबर आहे का, आणि निष्कर्ष पुराव्याच्या पुढे तर धावत नाही ना. मग तो अहवाल लिहितो. ‘किरकोळ दुरुस्ती’, ‘मोठी दुरुस्ती’ किंवा ‘नकार’ यांपैकी एक शिफारस करतो. पण छापायचे की नाही, हे अखेर संपादकच ठरवतो.

माझे काम वैद्यकीय संख्याशास्त्रातले. एकदा माझ्याकडे तपासायला आलेल्या निबंधात, ज्याचे नाव-गाव मी अर्थातच सांगणार नाही, पहिल्या तक्त्यात औषध दिलेले ४० रुग्ण होते आणि तिसऱ्या तक्त्यात ३७. मधले तीन कोठे गेले, याबद्दल संपूर्ण निबंधात अवाक्षर नव्हते. भाषा सफाईदार, आलेख देखणे, संदर्भ अद्ययावत. पण ४० आणि ३७. मी एका ओळीचा प्रश्न लिहून पाठवला. दोन महिन्यांनी उत्तर आले, की त्या तिघांनी उलट्यांचा त्रास झाल्यामुळे औषध मध्येच सोडले, म्हणून त्यांना हिशोबातून वगळले. ज्यांना औषध सोसले नाही त्यांनाच वगळून औषधाचा गुण मोजला, तर तो चांगला दिसणारच! तिघांना परत हिशोबात धरल्यावर ठळक दिसणारा फायदा पुसट झाला, आणि लेखकांनी, त्यांच्या प्रामाणिकपणाला दाद दिली पाहिजे, निष्कर्षाचा परिच्छेद नव्याने लिहिला. पीअर रिव्ह्यूचे काम बहुतांशी या जातीचे असते. त्यात प्रतिभा फारशी लागत नाही, तक्त्यांच्या बेरजा करून पाहण्याची चिकाटी लागते.

उलट बाजूही मी अनुभवली आहे. माझ्याच एका निबंधावर ‘दुसऱ्या परीक्षकाने’ (संशोधकांच्या जगात हा प्राणी कुप्रसिद्ध आहे) साडेतीन पाने आक्षेप लिहून पाठवले तेव्हा मी आठवडाभर धुमसत होतो. नंतर एकेक आक्षेप खोडायला बसलो आणि चौथ्या आक्षेपाशी अडलो, कारण तो बरोबर होता.

या बाबतीत माझ्याहून फार मोठी माणसेही चिडली आहेत. १९३६ साली अल्बर्ट आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’ या अमेरिकी नियतकालिकाकडे गुरुत्वीय लहरी (जड वस्तूंच्या हालचालीमुळे अवकाशात उठणारे तरंग) अस्तित्वातच नाहीत, असा निष्कर्ष काढणारा निबंध पाठवला. संपादक जॉन टेट यांनी तो एका परीक्षकाला दाखवला आणि परीक्षकाने गणितातली अडचण दाखवून दिली. आपला निबंध छापण्यासाठी पाठवला होता, छापण्याआधी कोणा तज्ज्ञाला दाखवण्याची परवानगी दिली नव्हती, असे रागाने कळवून आइन्स्टाइन यांनी तो मागे घेतला. पुढे तोच परीक्षक, म्हणजे हॉवर्ड रॉबर्टसन, आइन्स्टाइन यांच्या सहकाऱ्याशी या विषयावर बोलला, चूक आइन्स्टाइन यांच्या लक्षात आली, आणि १९३७ साली दुसऱ्या नियतकालिकात निबंध छापला गेला तो निष्कर्ष बदलून. ज्या लहरींविषयी हा वाद होता त्या २०१५ साली प्रत्यक्ष टिपल्या गेल्या. तो शोध लावणाऱ्या चमूने घाईने पत्रकार परिषद घेतली नाही. निबंधाचे परीक्षण पूर्ण होऊन तो स्वीकारला गेल्यावर, २०१६ च्या फेब्रुवारीत, छपाई आणि घोषणा एकाच दिवशी केली. निबंध छापला ‘फिजिकल रिव्ह्यू’च्याच कुळातल्या नियतकालिकाने.

आइन्स्टाइन यांचा राग आज चमत्कारिक वाटतो, पण त्या काळी तो तितकासा गैर नव्हता, कारण सगळ्याच निबंधांचे बाहेरच्या तज्ज्ञाकडून परीक्षण ही रीत आपण समजतो तितकी जुनी नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ साली ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले तेव्हा काय छापायचे ते मुख्यतः तेच ठरवत, आणि निबंध निवडण्यासाठी समिती आली ती १७५२ साली. ‘नेचर’सारख्या साप्ताहिकाने बाहेरचे परीक्षण सक्तीचे केले ते तर १९७३ साली. डीएनएच्या दुपेडी रचनेवरचा १९५३ चा प्रसिद्ध निबंध तेथे असे परीक्षण न होताच छापला गेला होता. म्हणजे विज्ञान पीअर रिव्ह्यूच्या आधीपासून चालत आले आहे, आणि ते चालते कशामुळे, हे पाहायचे तर वैज्ञानिक पद्धतीकडेच वळावे लागते.

या पद्धतीची जी साखळी शाळेच्या पुस्तकात असते (निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष) ती चुकीची नाही, पण तिच्यात खरी मेख सापडत नाही. मेख अशी, की आपले म्हणणे खरे असेल तर काय दिसले पाहिजे, हे आधी सांगायचे, आणि ते दिसले नाही तर म्हणणे सोडायचे. याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण एकाच माणसाच्या चरित्रात आहे. युरेनस ग्रह गणिताने सांगितलेल्या वाटेवरून किंचित ढळत होता. फ्रेंच खगोलज्ञ उर्बें ल व्हेरिए यांनी मांडले, की पलीकडे एखादा अज्ञात ग्रह त्याला ओढत असावा, आणि तो आकाशात कोठे असेल तेही गणिताने काढले. २३ सप्टेंबर १८४६ रोजी त्यांचे पत्र बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले यांच्या हाती पडले, आणि त्याच रात्री सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला.

पुढे बुधाच्या कक्षेतही असाच फरक आढळला. तिचा सूर्याजवळचा बिंदू हिशोबापेक्षा थोडा अधिक वेगाने सरकत होता. १८५९ साली ल व्हेरिए यांनी तोच उपाय योजला: सूर्य आणि बुध यांच्यामध्ये आणखी एक ग्रह असला पाहिजे. त्याला ‘व्हल्कन’ असे नावही मिळाले, काहींनी तो पाहिल्याचे कळवलेही, पण सांगितल्या वेळी, सांगितल्या जागी तो काही दिसेना. माणूस तोच, बुद्धी तीच, कीर्ती तर पहिल्यापेक्षा मोठी, आणि पहिल्या वेळचे यश गाठीशी. तरीही ग्रह दिसत नाही म्हटल्यावर यांपैकी कशाचाच उपयोग नव्हता. शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तो फरक तसाच पडून राहिला आणि १९१५ साली आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांतातून तो आपोआप निघाला. व्हल्कनचा निबंध आजच्या परीक्षकाकडे आला असता तर तो बहुधा मान्य झाला असता, कारण त्यातले अनुमान रास्त होते. त्याला नाकारले ते आकाशाने.

परीक्षकाला जे जमत नाही त्याची यादी लहान नाही, आणि दुसऱ्या पत्रलेखकांच्या रागात जे तथ्य आहे ते मी नाकारत नाही. परीक्षकाच्या हाती निबंध येतो, प्रयोगशाळा येत नाही. लेखक खोटे बोलत नाही, हे त्याला गृहीतच धरावे लागते. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतले भौतिकशास्त्रज्ञ यान हेंड्रिक शोन यांचे निबंध ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या दोन्ही नामांकित नियतकालिकांच्या परीक्षणातून एकामागून एक पार झाले होते. बाहेरच्या संशोधकांना ते ताडून पाहताना आढळले, की वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत उपकरणाची बारीक थरथरसुद्धा तंतोतंत एकसारखी आहे. थरथर ही यादृच्छिक असते. दोन प्रयोगांत ती जुळणे म्हणजे दोन माणसांच्या बोटांचे ठसे जुळण्यासारखे. २००२ साली चौकशी समितीने त्यांना दोषी ठरवले आणि निबंध मागे घेतले गेले. साध्या चुकांच्या बाबतीतही परीक्षकांची कामगिरी फार उजळ नाही: १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एका निबंधात ८ उणिवा मुद्दाम पेरून तो वैद्यकीय जर्नलच्या परीक्षकांकडे पाठवला, तेव्हा त्यांना सरासरी २ सापडल्या. आणि लेखकांकडून शुल्क घेऊन छापणाऱ्या काही जर्नलांत तर परीक्षण केवळ कागदोपत्री असते. २०१३ साली ‘सायन्स’ने उघड दोष असलेला बनावट निबंध अशा ३०४ जर्नलांकडे पाठवून पाहिला, त्यांतल्या १५७ नी तो स्वीकारला.

पण या प्रत्येक प्रसंगात दोष उघडकीला आणला तो त्याच विद्येतल्या कोणीतरी, हे दुसऱ्या पत्रलेखकांनी ध्यानात घ्यावे. छापून आलेला निबंध जगभरचे प्रतिस्पर्धी वाचतात, आणि दोन परीक्षकांना रविवारी जे दिसले नाही ते दोनशे वाचकांपैकी एकाला दिसते. मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या औषधामुळे करोनाच्या रुग्णांत मृत्यू वाढतात, असे सांगणारा निबंध छापला; त्याचा आधार सुमारे ९६,००० रुग्णांची नोंद असल्याचे म्हटले होते, आणि त्याच्या भरवशावर जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची चाचणी तात्पुरती थांबवली. वाचकांनी आकडे ताडले. ऑस्ट्रेलियातल्या ज्या पाच रुग्णालयांची नोंद म्हणून ७३ मृत्यू दाखवले होते, त्या संपूर्ण देशात त्या तारखेपर्यंत ६७ च मृत्यू झालेले होते! मूळ नोंदी मागितल्यावर त्या दाखवता आल्या नाहीत आणि दोन आठवड्यांच्या आत निबंध मागे घेतला गेला. यातली एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगितली पाहिजे: हे औषध करोनावर चालत नाही, हा निष्कर्ष पुढे दुसऱ्या, नीट केलेल्या चाचण्यांतून निघालाच. निबंध मागे घेतला म्हणजे त्याच्या उलट ते खरे ठरते, असे नव्हे, पण बातम्यांत तसे सुचवले गेले होते.

स्वतःच्याच निष्कर्षावर अविश्वास दाखवण्याचा संयम दुर्मीळ असतो. तो २०११ साली दिसला. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेपासून सुमारे ७३० किलोमीटर दूर इटलीतल्या ग्रान सासो येथे काम करणाऱ्या ऑपेरा प्रयोगाच्या चमूला सर्नहून सोडलेले न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) आधी पोहोचताना आढळले. प्रकाशापेक्षा वेगवान काही नसते, हे आइन्स्टाइन यांचे म्हणणे, तरी त्यांनी ‘आइन्स्टाइन चुकले’ असे म्हटले नाही. आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा, असे जगाला सांगितले. मथळे अर्थातच पहिल्या थाटाचे आले. काही महिन्यांनी चूक सापडली ती नीट न बसलेल्या एका ऑप्टिकल केबलच्या जोडात.

तेव्हा संपादक महोदय, विनंती पानावरच्या जागेच्या मानाने अगदी लहान आहे. संशोधनाच्या बातमीत, शक्यतो पहिल्याच परिच्छेदात, हे काम कोणत्या टप्प्यावर आहे ते सांगावे: अजून कोणी न तपासलेला प्रीप्रिंट आहे, परीक्षण होऊन छापलेला एकटा निबंध आहे, की दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे तोच प्रयोग करून तोच निष्कर्ष काढला आहे. प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर, आणि किती जणांवर, हेही एका वाक्यात बसते. ‘सिद्ध केले’ऐवजी ‘आढळले’ लिहिण्याने मथळ्यातली अक्षरेही वाढणार नाहीत. आणि ज्या संशोधनाची बातमी आपण पहिल्या पानावर दिली, ते पुढे मागे घेतले गेले, तर ती बातमीही पहिल्या पानावर यावी. गेल्या पंधरवड्यातल्या त्या औषधापासून याची सुरुवात करायला हरकत नसावी, कारण पहिले पत्रलेखक काहीही म्हणोत, माझ्या वाचनात आलेला तो निबंध प्रीप्रिंट आहे आणि त्यातल्या दुसऱ्या तक्त्याची बेरीज मला अजून जुळलेली नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक