निवृत्त न्यायमूर्ती आणि लवादाचे काम

उच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्या न्यायमूर्तींनी खाजगी लवादाचे काम, म्हणजे न्यायालयाबाहेर दोन्ही पक्षांचे ऐकून बंधनकारक निवाडा देण्याचे काम, स्वीकारणे पदाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे मत मांडणारा आपल्या दैनिकातील लेख वाचला. त्याच्याशी मी सहमत नाही. वयाच्या ६२व्या वर्षी ही मंडळी निवृत्त होतात, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २२०नुसार स्थायी न्यायाधीश राहिलेल्या व्यक्तीला सर्वोच्च न्यायालय व इतर उच्च न्यायालये वगळता कोठेही वकिली करता येत नाही. तीस-पस्तीस वर्षे कमावलेली कायद्याची जाण मग घरात बसवून ठेवायची काय?

माझी खंत वेगळी आहे. हा अनुभव प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांच्या करारांकडे वळतो, कारण लवादाचे शुल्क लहान माणसाला पेलत नाही. १९९६च्या लवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत पाच लाखांपर्यंतच्या दाव्यासाठीच ४५,००० रुपये शुल्क दर्शविले आहे. आमच्या सीतलामाता बाजारातील कापड दुकानदाराची थकबाकी दोन लाखांची असेल, तर त्याने या वाटेला जावे कसे? त्याच्यासाठी मध्यस्थी, म्हणजे तिऱ्हाइताच्या मदतीने दोन्ही पक्षांनी आपसात तोडगा काढणे, हा खरा उपाय आहे. २०२३च्या मध्यस्थी कायद्याने मध्यस्थीसाठी १२० दिवसांची मुदत ठेवली असून, तीत झालेला समझोता न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अमलात आणण्याची तरतूद केली आहे. इंदूरमध्ये स्थायिक झालेल्या निवृत्त न्यायमूर्तींनी महिन्यातील दोन दिवस जरी अशा लहान वादांना अल्प शुल्कात दिले, तरी येथील व्यापारी त्यांचे ऋणी राहतील.

— एक वाचक, इंदूर